धरायला वेळ द्या

सर नळ उघडायचे तेव्हा बघत राहावं. आधी चावीवर नुसता हात ठेवायचे, मग ती जराशी फिरवायचे. थेंब, मग दोऱ्याएवढी धार, मग करंगळीएवढी. मागे बाटली घेऊन उभा असलेला माणूस तोवर पाय बदलून बदलून थकायचा. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला शिपाई एकदा वैतागून म्हणाला, "सर, नळ हाय त्यो, तान्हं पोर न्हवं." सर म्हणाले, "एकदम कशाला? जरा दमाने घ्यावं."

पंख्याचं तेच. पाचावरून चारावर, थोडं थांबून तीनावर. वर्गात शिरताना आतला गोंगाट आपोआप विरेपर्यंत ते दारात उभे राहायचे, त्यामुळे त्यांचा बराचसा तास दारातच जायचा. नापास झालेल्या पोराला निकाल सांगताना आधी त्याच्या गावचा पाऊस, मग म्हैस, मग भावंडं आणि सगळ्यात शेवटी मार्क. पोराला म्हशीपाशीच सगळं कळलेलं असायचं. स्टाफरूममध्ये त्यांना लोक हसायचे. ते समोर असतानाही हसायचे, कारण सरांना राग यायचा तोही सावकाश, आणि तो पोचेपर्यंत सगळे आपापल्या तासाला गेलेले असायचे.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी सर प्राणिशास्त्र शिकवायचे त्या कोल्हापूरच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला लागलो. मी लातूरकडचा. आमच्याकडे नदी म्हणजे पूल असलेली वाळू. कोल्हापुरात ओळखीचं कुणी नव्हतं. इथले लोक प्रेमसुद्धा भांडणाच्या आवाजात करतात हे कळायला मला वर्ष लागलं, तोपर्यंत मी खानावळीतून खोलीवर आणि खोलीतून कॉलेजात असा घाबरून वावरत होतो.

सरांची गाठ पडली ती गॅदरिंगच्या प्रदर्शनात. एका टेबलावर बरणीत दोन तोंडांचं वासरू ठेवलेलं, तिथे ही गर्दी. शेजारच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, 'नदीच्या तळाशी कोण राहतं?' आणि समोर एनॅमलचा पांढरा ट्रे. तिथे कुणीच नव्हतं. एक रिकामी खुर्ची मात्र होती, आणि मला बसायचं होतं.

"बसा," सर म्हणाले. "जरा हळू बसा, टेबल हलतंय."

ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि काही दगड होते. त्यांनी हातात भिंग दिलं. मला आधी कचरा दिसला, मग कचऱ्याला पाय फुटले. शेपटीला तीन केस असलेला एक चपटा किडा दगडाला असा चिकटला होता की जणू दगडावरच काढला असावा. बाजूला वाळूच्या कणांची एक नळी होती आणि तिच्यातून इवलंसं डोकं बाहेर आलं.

"हे घर त्याने स्वतः बांधलंय. तोंडातून धागा काढतो आणि एकेक कण चिकटवतो."

मी तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होतो. मला त्या अळीचा हेवा वाटला, आणि मी तसं बोलून गेलो. सर इतके खूश झाले की त्यांनी संध्याकाळपर्यंत मला उठू दिलं नाही. नंतर कळलं, तीन वर्षं ते हा ट्रे मांडत होते आणि बसून बघणारा मी पहिलाच होतो.

तेव्हापासून माझे रविवार नदीवर जायला लागले.

राधानगरीकडे जाणारी एसटी पकडायची, मधल्या एका गावाच्या फाट्यावर उतरायचं आणि उसातून नदीपर्यंत चालायचं. तिथे एक बंधारा होता, आपला नेहमीचा कोल्हापुरी. दगडी खांब आणि खांबांच्या मधल्या गाळ्यांत एकावर एक सरकवलेल्या लाकडी फळ्या. या फळ्यांना इकडे बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी काढून टाकायचे. मधे उन्हाळ्यात धरणातून पाळीचं पाणी सुटलं की वरचे बंधारे भरतात, आणि मग खालच्या गावांसाठी इथलेही बरगे काढावे लागतात. बंधाऱ्याच्या खाली नदी दगडगोट्यांवरून उथळ, खळाळत जायची. सरांचा सगळा जीव त्या तेवढ्या दगडांत होता.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरायचे. एक दगड उचलायचा, उलटा करून बघायचा, रंगकामाच्या मऊ कुंचल्याने दोन-चार किडे ट्रेमध्ये घ्यायचे, बघून परत सोडायचे. आणि दगड होता तिथे, होता तसाच ठेवायचा. खालची बाजू खालीच. मी एकदा दगड नुसता टाकला तर त्यांनी तो शोधून काढून सरळ केला. "कुणाचं तरी छप्पर आहे हो ते," म्हणाले.

मला त्यांनी समजावलं ते असं. पाणी वाढतंय हे या जीवांना कळतं. हळूहळू वाढलं तर ते दगडाच्या आडोशाच्या बाजूला सरकतात, खालच्या फटीत शिरतात, घट्ट धरून बसतात. पुराचंसुद्धा त्यांना फारसं भय नाही, कारण पूर दिवसादिवसाने चढतो. पण बंधाऱ्याचे सगळे बरगे एकदम काढले, की शांत पाण्यावर अचानक लोंढा येतो. पाय रोवायला उसंत मिळत नाही. सगळे धुऊन जातात. मग मासे काय खाणार आणि माशांवर जगणारे काय खाणार?

"म्हणजे पाणी सोडूच नये?" मी विचारलं.

"सोडावं की. उसाला पाणी नको का? फक्त एकेक बरगा काढावा, दिवसभर. त्यांना धरायला वेळ द्या, एवढंच माझं म्हणणं."

हे म्हणणं ते बऱ्याच ठिकाणी मांडत होते. मी मराठीचा म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. एका अर्जात मी 'नदीतील किड्यांची गंभीर स्थिती' असं लिहिलं. तो अर्ज कुठून कुठे फिरला देव जाणे, महिन्याभराने पावडर मारायचा पंप पाठीला लावलेला एक माणूस सरांच्या कळंब्याच्या घरी हजर झाला आणि किडे कुठे आहेत विचारू लागला. सरांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मला मात्र आठवडाभर ट्रे धुवायला लावला.

बंधाऱ्यालगत केरबातात्यांचा मळा. बरगे काढणाऱ्या गड्यांचे ते म्होरके. आम्ही पहिल्यांदा दिसलो तेव्हा काठावरून ओरडले होते, "काय पावणं, काय हरवलंय काय पाण्यात?"

"हरवलं नाही. आहे का ते बघतोय," सर म्हणाले.

तात्यांना हे उत्तर फार आवडलं. पुढे ते आम्हाला गूळ-शेंगा द्यायला लागले. पण बरगे एकेक करून काढायचा विषय निघाला की हात जोडायचे. "सर, तुमचं किडं ऱ्हाऊ द्या, खालच्या गावची मानसं डोस्कं फोडतील माझं. पानी कवा येतंय म्हनून बसल्याली असत्यात."

सर म्हणायचे, "बरं. पुढच्या वर्षी बघा." आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचे.

सरांच्या कळंब्याच्या घरी मी पुष्कळदा गेलो आहे. एक खाट, एक खुर्ची, दोन कपबशा. दुसरी कपबशी माझ्यासाठी घेतलेली, हे मला त्यांच्या बहिणीकडून कळलं. या आक्का पेठ वडगावच्या. वर्षातून एकदा चटणी-लोणच्याचे डबे घेऊन यायच्या आणि दिवसभर भावावर ओरडायच्या. त्यांनीच सांगितलं की सरांचं लग्न झालं होतं. पहिल्याच वर्षी बायको माहेरी गेलेली असताना तापाने गेली. तार आली कॉलेजात, आणि कुणीतरी ती भर वर्गात, दारातूनच वाचून दाखवली.

"तवापासनं ह्यो असा हळूबाई झालाय," आक्का म्हणाल्या.

माणूस एका कारणाने घडतो यावर माझा विश्वास नाही. पण पुढे माझ्यावर वेळ आली तेव्हा मला ती तार आठवली.

दुपारचा तास संपवून मी बाहेर आलो तर सर व्हरांड्यात उभे. म्हणाले, "तुमच्या घरून फोन होता ऑफिसात. वडिलांना बरं नाही. जाऊन यावं म्हणतो. मीही येतो, मला सोलापूरकडे काम आहे." त्यांना सोलापूरकडे काय काम असणार? पण मी घाबरलो होतो, विचारलं नाही. एसटीत ते माझ्या शेजारी बसले. मिरज मागे पडल्यावर म्हणाले, "दवाखान्यात नेलं होतं म्हणे." मग बराच वेळ वडिलांबद्दल विचारत राहिले. ते काय करतात, रागीट आहेत का, मला पोहायला कुणी शिकवलं. आमच्याकडे पाणीच नाही म्हटल्यावर हसले. मीही हसलो. सांगोल्याच्या आसपास म्हणाले, "वय झालं की अवघड असतं." सोलापूरच्या स्टँडवर त्यांनी मला चहा घेऊन दिला, माझा ग्लास रिकामा होईपर्यंत थांबले आणि मग माझा दंड धरून म्हणाले, "आता घट्ट धरा."

मला तोवर कळलं होतं. कुठे कळलं ते सांगता येणार नाही, वाटेत कुठेतरी. मला त्यांचा रागही आला, की या माणसाला दुपारपासून सगळं माहीत होतं आणि हा मला पोहण्याचं विचारत होता. पण घरी पोचल्यावर आईला सांभाळायला मी माझ्या पायांवर उभा होतो. सर अंगणात एका कडेला बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता निघून गेले. असं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

सर निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात केरबातात्यांनी अखेर मानलं. का मानलं कोण जाणे. "इतकी वर्सं इचारतोय मानूस, एक डाव करून बघू की," एवढंच म्हणाले. खालच्या गावाला आधी निरोप धाडला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बरगे एकेक करून काढले. पुढच्या रविवारी सरांनी पहिला दगड उलटा केला, दुसरा केला, आणि मग मी जे पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सर पळाले. पाण्यातून, दगडांवरून घसरत, माझ्याकडे पळत आले. "आहेत! सगळे आहेत! धरून बसलेत!"

मग त्यांनी पुण्याला पत्र घातलं. पाणी कसं सोडावं याबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या लोकांत दोघं होती, जी त्यांचं म्हणणं ऐकायला तयार होती. पुढच्या एप्रिलमध्ये येऊन तळ प्रत्यक्ष बघतो म्हणाली. त्यांना पटलं असतं तर साऱ्या नदीवरच्या बंधाऱ्यांसाठी तसा नियम होऊ शकला असता. सरांचं वय होत आलं होतं, पुन्हा कुणी पुण्याहून येणार नव्हतं. आयुष्यभराचं जे काही होतं ते त्या एका सकाळवर होतं. सरांनी नवा ट्रे घेतला. बंधाऱ्यावर जाऊन तात्यांना सांगून आले, "मोठे पाहुणे येणार आहेत आपली नदी बघायला."

त्या सकाळी आम्ही फाट्यावर उतरलो, उसातून चालू लागलो, आणि नदी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. सर थांबले. मग हळूच पुढे निघाले.

बंधाऱ्याचे सगळे गाळे मोकळे होते. खाली नदी या काठापासून त्या काठापर्यंत भरून चाललेली, एकही दगड दिसत नव्हता. काठावर सडा-रांगोळी, आंब्याच्या डहाळ्यांची कमान. बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या. केरबातात्या धुवट धोतरात, हातात फेटा आणि नारळ घेऊन पुढे आले. तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बघा सर, तुमची नदी! मोठं पावणं येनार म्हटल्यावर हाडकुळी नदी दावायची व्हय? तांबडं फुटायच्या आधी समदं बरगं काढलं. धरनावरच्या सायेबाच्या पाया पडून जास्तीचं पानी बी सोडून घेतलंय."

"जास्तीचं?" मी विचारलं. "ते कसं दिलं त्यांनी?"

"फुडल्या पाळीचं हो आमच्या. वळतं करून घेतलं. वाळंल थोडा ऊस, वाळू दे की. सरांचं पावणं काय रोज येत्यात?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं. सरांनी माझा दंड धरला. सोलापूरला धरला होता तसाच. मग त्यांनी तात्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "केवढं केलंत," म्हणाले. "केवढं केलंत तुम्ही माझ्यासाठी." त्यांचे डोळे भरून आले, आणि ते आनंदाचं पाणी आहे असं समजून तात्याही रडायला लागले.

जीपमधून पाहुणे आले. त्यांना ओवाळलं, फेटे बांधले. त्यांनी फोटो काढले. नदी फार सुंदर आहे म्हणाले. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "तळ बघायचा होता ना?" सर म्हणाले, "आज पाणी जरा जास्त आहे." पुन्हा केव्हातरी येऊ म्हणाले. जेवले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

परतीच्या एसटीत सरांच्या डोक्यावर तो गुलाबी फेटा तसाच होता. कंडक्टर म्हणाला, "काय आजोबा, कुनाचं लगीन?" सर हसले. कळंब्याला उतरायच्या आधी एवढंच बोलले, "त्यांनी उसाच्या तोंडचं पाणी काढून दिलं. त्यांना हे एकदम कसं सांगायचं? सांगेन हळूहळू."

पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. दगड उलटे केले. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे लख्ख होते. सरांनी प्रत्येक दगड उचलला, बघितला आणि होता तसा ठेवला. रिकामा असूनही खालची बाजू खालीच.

"परत येतील ना?" मी विचारलं.

"येतील. वरच्या अंगाने येतील, काही उडत येऊन अंडी घालतील."

"कधी?"

"एकदम नाही," सर म्हणाले.

त्यांनी तात्यांना कधीच सांगितलं नाही. दर रविवारी गूळ-शेंगा खाल्ल्या आणि त्या सकाळचं तात्यांनी केलेलं वर्णन नव्याने ऐकून घेतलं. गावात ती सरांच्या मानाची गोष्ट झाली होती. तिथून परतताना सर एसटीच्या खिडकीशी बसायचे आणि बाहेरचा ऊस बघत राहायचे. ज्या लोकांनी त्यांच्यावर इतकं प्रेम केलं, त्यांच्यातही ते एकटे होते. मला वाटतं, आधीपेक्षा जास्त एकटे.

पुढे मी प्राचार्य होऊन दुसऱ्या गावी गेलो. एके दिवशी मोबाईल वाजला, पलीकडे आक्का होत्या. "तुमचं सर गेलं," म्हणाल्या. बस, एवढंच. आधी पाऊस नाही, म्हैस नाही, मिरज नाही. मी भिंत धरून उभा राहिलो. मला हळूहळू सांगणारा जो एकच माणूस होता, तोच गेला होता.

वर्षाच्या आतच केरबातात्यांच्या नातवाचा निरोप आला. पावसाळ्याआधी बरगे काढावेच लागतात. तो दिवस गावाने सरांच्या नावाने ठरवला होता. सगळे बरगे एकदम काढायचे, नदी भरून वाहू द्यायची आणि पाण्यात फुलं सोडायची. सरांना आवडायचं तसं. मी पाहुणा म्हणून यावं.

मी गेलो. काठावर सरांचा फेट्यातला फोटो मांडला होता. तात्या फार थकले होते, मान हलत होती, त्या एका सकाळीखेरीज जुनं फारसं आठवत नव्हतं. बंधाऱ्यावर प्रत्येक गाळ्यावर माणसं लोखंडी आकडे घेऊन इशाऱ्याची वाट बघत उभी होती. खाली दगडांवरून पाणी खळाळत होतं. त्या दगडांखाली एव्हाना कुणीतरी परत आलेलं असणार.

"सर असतं तर खूश झालं असतं, न्हाय?" तात्या म्हणाले.

इतकी वर्षं तोंडात धरलेलं वाक्य माझ्या जिभेवर आलं. मी तात्यांकडे बघितलं. सरांनी जे सांगितलं नाही ते या माणसाला या वयात, भर काठावर, मी कसं सांगणार होतो?

"झाले असते," मी म्हणालो. "फक्त तात्या, बरगे एकेक करून काढायला सांगा. दिवसभर लागला तरी लागू दे."

"ते का वो?"

"तुमच्या मळ्यातला नळ ते कसा उघडायचे, बघितलंय ना? त्यांना एकदम काही झालेलं सोसायचं नाही."

तात्यांनी फोटोकडे बघितलं. मग मान हलवली. "व्हय की. माझी मोटार चालू करताना बी कानावर हात ठेवायचं." ते काठीवर जोर देऊन उठले, आणि त्या थकल्या छातीतून कोल्हापुरी आवाज निघाला.

"ए! थांबा रं समदी! एक एक काढा! दमानं!"

माणसं मागे सरली. मधल्या गाळ्यावरच्या एकाने पहिला बरगा उचलला. मी चपला काढून काठाच्या दगडावर बसलो आणि पाणी माझ्या पायापर्यंत यायची वाट बघू लागलो. यायला बराच वेळ लागला.